आपणच आपल्याबद्दल मनात सांगत बसतो त्या गोष्टी खऱ्या की खोट्या, हे तपासायचं कसं?

खाडीकाठचा (गुहागर तालुका)

नमस्कार मंडळी. लिहू की नको करत आठ दिवस गेले, आज लिहितोच. वय ३०, लग्न झालंय, घराला लागून दोन खोल्यांचा होमस्टे चालवतो. पाऊस लागला की पाहुणे बंद, दिवसाला चार वेळा लाईट जाते, हाताला काम नाही आणि मग डोकं सुरू होतं. रात्री तीनला जाग येते ती येतेच, मग कौलांवरचा पाऊस ऐकत पडायचं आणि तीच कॅसेट.

कॅसेट काय ते सांगतो. २०१३ ला बारावी सायन्सला मी गणितात नापास झालो. त्या वर्षीही पेपरात मोठ्या अक्षरात ‘कोकण विभाग राज्यात पहिला’. सगळा कोकण पास आणि आपण नापास, हे डोक्यात जे बसलं ते बसलं. नंतर ऑक्टोबरला सुटलो, पण ते कोणाच्या लक्षात राहिलं नाही, माझ्याही नाही. दर वर्षी निकाल लागतो, तीच बातमी येते (२०२५ ला ९६.७४ टक्के, परत पहिला), आणि पोटात तसाच खड्डा पडतो. आमचे एक सर वर्गात सगळ्यांसमोर म्हणाले होते, “तुझ्याच्याने होणार नाही रे.” ते वाक्य अजून त्यांच्याच आवाजात ऐकू येतं.

आत्ता हे वर यायचं कारण म्हणजे आणखी दोन खोल्या बांधायच्यात. बँकेचा कर्जाचा फॉर्म आणून दोन महिने झाले, कपाटावर पडलाय. प्रोजेक्ट रिपोर्टचं पान उघडलं की मनात येतं, तुला आकडे जमतच नाहीत, तू हे पण बुडवणार. बायको म्हणते, अहो धंदा बरा चाललाय, कशाला घाबरता. आणि चाललाय हे खरं आहे. मे महिन्यात २२ रात्री दोन्ही खोल्या भरल्या, खोलीचे रात्रीला १८००, म्हणजे ७९,२०० आले, त्यातून रेशन, गॅस, मासळी, मावशींचा पगार, चादरी धुणं मिळून ३४,००० गेले, ४५,२०० हातात राहिले. पण त्याच महिन्यात दाभोळहून फेरीबोटीने आलेल्या एका फॅमिलीने दोन स्टार दिले, खोलीला वास येतो, गरम पाणी उशिरा मिळालं म्हणून. बाकी सगळ्यांनी चार-पाच दिलेत, पण रात्री तीनला आठवतात ते दोनच.

मला ‘छान विचार कर’ वगैरे सांगू नका प्लीज, ते करून झालंय, दोन तास टिकतं. मला विचारायचंय ते वेगळंच आहे. ही जी गोष्ट मी स्वतःला सांगतोय, की मी कुठल्याच परीक्षेत टिकत नाही, ती खरी आहे की नुसती गोष्ट आहे हे ठरवायचं कसं? कोणी असं तपासून बघितलंय का?

---

निवृत्त_मास्तर (कुडाळ)

तुमचं लिहिणं दोनदा वाचलं. मी २७ वर्षं माध्यमिक शाळेत गणित शिकवलं, त्यामुळे मला उत्तर द्यायलाच हवं, आणि पहिल्यांदा त्या सरांच्या वाक्याबद्दल.

असली वाक्यं मीही बोललोय. चाळीस-पन्नास मुलांचा वर्ग, घसा बसलेला, समोरचा मुलगा तिसऱ्यांदा तीच चूक करतोय, आणि तोंडातून निघून जातं. मधल्या सुट्टीत चहा घेईपर्यंत आम्ही ते विसरलेले असतो. तुम्ही मात्र ते बारा वर्षं जपून ठेवलंत. तो त्या माणसाचा एका दुपारचा वैताग होता हो, तुमच्याबद्दलचा अभ्यासपूर्ण निष्कर्ष नव्हता. मी ज्या मुलांना असं बोललो त्यातल्या किती जणांनी ते असंच सांभाळून ठेवलं असेल, हे तुमचं वाचल्यापासून डोक्यातून जात नाहीये. आज तुमच्यामार्फत त्यांची माफी मागतो.

आता गणिताचं. वर तुम्ही २२ गुणिले २ गुणिले १८०० करून खर्च वजा जाता शिल्लक काढून दाखवलीत, आणि त्याच दमात लिहिलंत की आकडे जमत नाहीत. प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये याहून वेगळं काय असतं? हेच, फक्त बारा महिन्यांचं, आणि त्यात जून ते सप्टेंबर जवळजवळ शून्य धरायचं.

‘सगळा कोकण पास’ हेही तपासा. आपलं बोर्ड म्हणजे रत्नागिरी नि सिंधुदुर्ग दोनच जिल्हे. २०२५ चेच ९६.७४ घेतले तर उरले सव्वातीन टक्के, म्हणजे शेकडो पोरं, आणि ती प्रत्येक घरात एकेकटी बसलेली असतात कारण बातमी त्यांची नसते. तुम्ही एकटे नव्हता, तुम्हाला बाकीचे दिसत नव्हते एवढंच.

एक सवय सांगतो, मला उपयोगी पडली. निवृत्तीनंतर पहिल्या वर्षी मलाही वाटायचं, आता आपलं काही कामच नाही, कोणाला आपण नकोच. एक दिवस वहीत हे सगळं उतरवलं आणि व्याकरण तपासावं तसं वाचलं, तर प्रत्येक वाक्यात ‘च’. जमतच नाही, नेहमीच असंच होतं, कुठल्याच परीक्षेत. आपल्या भाषेत हे एवढंसं अक्षर आहे पण ते लागलं की वाक्याला दारच राहत नाही. लाल पेनाने प्रत्येक ‘च’ला गोल करा आणि तो काढून वाक्य पुन्हा लिहा. ‘मला गणित जमतच नाही’ याचं होतं ‘मला २०१३ च्या मार्चमध्ये गणित जमलं नाही’. दुसरं वाक्य दुखतं, पण खरं आहे, आणि त्याला तारीख आहे.

घरात मार्कशीट असेल ना? ती काढा. मार्चची आणि ऑक्टोबरची, दोन्ही.

---

बंदरावरची (देवगड)

दादा, माझी गोष्ट मी स्वतः बनवलेली नव्हती, मला दुसऱ्यांनी दिली आणि मी ती घेतली. तुमचंही तेच झालंय असं वाटलं म्हणून लिहिते.

माझं लग्न फेब्रुवारी २०२१ चं. मे महिन्यात तौक्ते वादळ आलं. सासऱ्यांची होडी बांधलेली होती ती फुटली, इंजिन पाण्यात गेलं. दोन दिवसांनी कोणीतरी पडवीत बसून म्हणालं, “हिचो पायगुणच वायट.” घरातलं कोणी काही बोललं नाही, पण नाही असंही कोणी म्हणालं नाही. मी ते उचललं. नंतर दूध नासलं तरी मला वाटायचं माझ्यामुळे. नवरा मासेमारीला गेला की परत येईपर्यंत मी जेवायची नाही. सणाला माहेरी जायची तर भावाच्या घरात आधी पाय टाकायला घाबरायची. आता लिहिताना अंगावर काटा येतोय, पण तेव्हा ते अगदी नॉर्मल वाटत होतं.

मग शेजारची एक म्हातारी, मासे विकते, शाळेचं तोंड बघितलेलं नाही, तिने एकदा मला रडताना बघितलं. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, त्या वादळात आपल्या बंदरात किती होड्या गेल्या? मी म्हटलं अकरा. तर म्हणाली, “अगो, मगे बाकीच्यो धा होडयो पण तुझ्याच पायगुणान फुटल्यो काय?”

खरं सांगते, मला हा हिशोब वर्षभर सुचला नव्हता. आपण स्वतःबद्दलची गोष्ट सांगताना बाकीच्या दहा होड्या मोजतच नाही. तुमच्या दोन स्टारचं तेच आहे, बाकीच्यांचे चार-पाच तुम्ही लिहिलेत पण मोजले नाहीत.

एका दिवसात सुटलं असं मात्र नाही. मुलगी झाली आणि तिला पहिल्यांदा ताप आला तेव्हा सगळं परत आलं होतं. तिच्या पाचवीला सासूबाईंनी रीतीप्रमाणे कोरा कागद नि पेन ठेवलं, सटवी येऊन नशीब लिहिते म्हणतात ना. सकाळी सगळे झोपलेले असताना मी तो कागद उघडून बघितला. कोराच होता. तो मी टाकला नाही, घडी करून ठेवला, आणि नंतर त्याच्यावर बचत गटाच्या हप्त्याच्या तारखा लिहून काढल्या. सासूबाईंना माहीत आहे, त्या काही बोलल्या नाहीत.

तर मी अजूनही एकच प्रश्न विचारते स्वतःला. मी ही गोष्ट मुलीला सांगेन का? तिला कोणी म्हणालं तुझ्याच्याने होणार नाही, तर मी मान डोलावेन का? तुम्हाला मूल असेल नसेल, मित्र तर असेल. त्याचा फॉर्म कपाटावर पडला असता तर तुम्ही त्याला काय म्हणाला असता?

---

पोफळीवाला (दापोली तालुका)

मी जरा वेगळं बोलणार आहे, राग मानू नका कोणी.

३ जून २०२०, निसर्ग चक्रीवादळ. दुपारी दोन-तीन तासांत माझ्या सव्वाशे पोफळी आणि ३० माड आडवे झाले. वडिलांनी लावलेले. पोफळ धरायला सात-आठ वर्षं लागतात, माडाचंही तसंच. आता मला कोणी येऊन सांगितलं की हा फक्त तुझा विचार आहे, तर मी त्याला बागेत नेऊन खोडं दाखवली असती. काही गोष्टी खऱ्याच असतात आणि खऱ्या दुःखाला ‘निगेटिव्ह विचार’ म्हणू नये. त्या दिवसांत फोनवर जे पॉझिटिव्ह मेसेज यायचे ना, त्यांनी मला जास्त एकटं पाडलं.

पण मला उशिरा एक कळलं. बाग गेली ही घटना. ‘मी संपलो, वडिलांचं मी घालवलं’ ही गोष्ट. दोन्ही एकाच वेळी आल्या म्हणून मला त्या एकच वाटल्या. सहा महिने मी बागेत पाऊल टाकलं नाही, आणि त्या सहा महिन्यांत जी रोपं लागू शकली असती ती लागली नाहीत. वादळाने केलेलं नुकसान वेगळं आणि हे वेगळं, हे दुसरं त्या गोष्टीने केलं. वडिलांचं मी घालवलं, असं मला कोणीच म्हणालं नव्हतं. वडील स्वतः म्हणाले नव्हते, ते तर तिसऱ्या दिवशी कोयता घेऊन खोडं तोडायला गेले होते.

म्हणून तुझ्या दोन स्टारबद्दल माझं म्हणणं असं की ते लोक खोटं बोलले नाहीत. खोलीला वास येतो म्हणजे ओल आहे. ‘मी निकामी’ ही इतकी मोठी गोष्ट आहे की तिच्यावर काही करता येत नाही, नुसतं पडून राहता येतं. ‘मागच्या खोलीत ओल आहे’ याच्यावर गवंडी बोलावता येतो. तुझ्या गोष्टीत खरं किती आहे ते सोलून काढ, जेवढं निघेल तेवढं काम कर. बाकीची साल फेकून दे.

---

मन_मोकळं (चिपळूण)

मी मानसशास्त्र शिकले आहे आणि समुपदेशन करते. वरच्या तिघांनी जे लिहिलंय ते वाचून खूप बरं वाटलं, कारण पुस्तकात जे आहे ते यांनी आपापल्या अंगणात शोधलेलं आहे.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास जी पद्धत मांडली तिचं मूळ हेच, घटना वेगळी, तिच्याबद्दलची आपली समजूत वेगळी, आणि त्रास बराचसा त्या समजुतीतून येतो. पोफळीवाले काका, तुम्ही सहा महिन्यांनी पोहोचलात ती हीच जागा. मराठीत ही पद्धत रुजवण्यात के. एम. फडके सरांचं मोठं काम आहे, विवेकनिष्ठ मानसोपचार या नावाने. आणि मास्तरांचा ‘च’ तर एलिस यांच्या अगदी मुद्द्याचा, ते म्हणायचे की ‘व्हायलाच पाहिजे’ हा हट्ट मनात बसला की माणूस स्वतःला छळतो. दुसरे ॲरन बेक, अमेरिकेतले मनोविकारतज्ज्ञ. त्यांना १९६० च्या दशकात नैराश्याच्या पेशंटांशी बोलताना दिसलं की माणूस तोंडाने एक सांगत असतो आणि आत स्वतःबद्दल झटकन दुसरं वाक्य येऊन जातं, इतकं झटकन की ते आपण तपासतच नाही, खरं धरून चालतो. त्यांनी पेशंटांना ती वाक्यं लिहायला लावली आणि पुरावा विचारायला लावला. बाजूने काय, विरुद्ध काय, दुसरं काही कारण असू शकतं का. बंदरावरच्या त्या म्हातारीने नेमका हाच प्रश्न विचारला होता.

खाडीकाठच्या दादांना दोन गोष्टी. रात्री तीनला तपासणी करू नका, त्या वेळी थकलेलं डोकं कुठलाही पुरावा विरुद्धच लावतं. उशाशी वही ठेवा, एक ओळ लिहा, ‘उद्या पाचला बघू’, आणि संध्याकाळी पाचला खरंच वही घेऊन पंधरा मिनिटं बसा. दुसरं म्हणजे नुसता विचार करून गोष्ट मोडत नाही, छोटं काहीतरी करून बघावं लागतं. फॉर्मचं एकच पान भरा आणि काय होतं ते बघा.

आणि झोप न येणं दोन आठवड्यांच्या वर गेलं असेल, जेवण जात नसेल, कशातच रस वाटत नसेल, किंवा जगण्याचाच कंटाळा आल्यासारखं वाटत असेल तर ते वहीवर सोडू नका. १४४१६ हा टेलि-मानसचा सरकारी नंबर आहे, पैसे लागत नाहीत, दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं. आपल्याकडे ‘मानसिक’ म्हटलं की लोक लगेच रत्नागिरीच्या हॉस्पिटलचं नाव घेऊन हसतात, त्या हसण्यामुळे किती माणसं उशिरा येतात ते मी रोज बघते. फोन करायला वेडं असावं लागत नाही.

---

खाडीकाठचा (गुहागर तालुका)

बारा दिवसांनी लिहितोय, सगळ्यांचे आभार आधीच मानतो.

मास्तर, तुमचं पहिलं वाचून मी मोबाईल खाली ठेवून पडवीत जाऊन बसलो. माफी मागणारे सर मला कधी भेटतील असं वाटलं नव्हतं, ते दुसऱ्याच शाळेतले असले तरी.

ट्रंक काढली. मार्चची मार्कशीट वरच होती, गणितात २७, कडा झिजलेल्या, कारण ती मी अनेकदा काढून बघितलीय. तिच्याखाली ऑक्टोबरची, घडी तशीच कडक. ४८ मार्क. बारा वर्षांत मी तो कागद एकदाही उघडलेला नव्हता. बायकोला दाखवला तर ती म्हणाली, तुम्ही ऑक्टोबरला सुटलात हे मला आज कळतंय, तुम्ही फक्त नापास झालो एवढंच सांगितलं होतंत. खरं आहे, मी तेवढंच सांगत आलो सगळ्यांना.

वहीत पहिल्या दिवशी एका पानावर १४ ‘च’ निघाले. सगळे काढता आले नाहीत. ‘मी घाबरतोच’ यातला तसाच ठेवलाय, तो सध्या खरा आहे. ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला फार वेळ लागला नाही. मित्राचा फॉर्म असता तर मी त्याच्या घरी जाऊन शेजारी बसून भरून दिला असता. मग तसंच केलं, बायको शेजारी बसली, लाईट नव्हती, बॅटरीच्या उजेडात दोन पानं भरली. जून ते सप्टेंबर शून्य धरलं मास्तर, तरी हप्ता निघतोय. दोनदा बेरीज करून बघितली.

रात्री जाग अजून येते. पण रोज नाही, आणि १४४१६ वर एकदा बोललो, वीसेक मिनिटं. ऐकून घेतलं त्यांनी नीट. गरज लागली तर परत करेन.

गुरुवारी बँकेत जातोय. पोफळीवाले काका, तुम्हाला विचारायचं राहिलं, मागच्या खोलीची भिंत जांभ्याची आहे, चार वर्षांपूर्वी आतून सिमेंटचं प्लास्टर केलं, तेव्हापासूनच ओल धरते असं आता लक्षात येतंय. काय करू?

---

पोफळीवाला (दापोली तालुका)

सिमेंटमुळेच असणार. जांभा पाणी पितो आणि सोडतो, सिमेंटने त्याचं तोंड बंद केलंस म्हणून ते आत साचतंय. पाऊस गेला की ते प्लास्टर खरवडून काढ, महिनाभर भिंत उघडी सुकू दे, मग चुन्याचा गिलावा कर. आमच्याकडे चुन्याचं काम येणारा एक जुना गवंडी आहे, दिवाळीच्या आधी सांगितलंस तर घेऊन येतो. आणि आत्ता पावसातच एकदा माळ्यावर चढून कौलं बघून घे, त्या भिंतीच्या वरचं एखादं सरकलं असेल तर ओल तिथूनही येत असेल, पावसात नेमकी जागा सापडते. गुरुवारी काय झालं ते कळव.